'अज्ञात कलाकार': एका नोंदीचा निषेध

घरातल्या ध्वनिसंग्रहाचे दुखणे म्हणजे वायफाय, राउटर आणि हार्ड डिस्क यांचे दुखणे, ही समजूत आता इतकी रुळली आहे की साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालावे हेच अनेकांना विचित्र वाटते. पंधरा-वीस हजार ध्वनिमुद्रणे हौसेने जमवलेली असतात, घरच्या स्ट्रीमिंग प्लेअरला ती जोडून दिलेली असतात, आणि पडद्यावर पाहावे तो एकच भावगीतसंग्रह सहा तुकड्यांत फुटलेला, भीमसेन जोशी चार ठिकाणी चार निराळे गायक म्हणून उभे, आणि कितीतरी नाट्यपदे 'अज्ञात कलाकार' या खणात ढकललेली. मग संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावले जाते. तो सगळा संग्रह यंत्राकडून पुन्हा एकवार तपासून घेतो, राउटर बंद करून चालू करतो आणि निघून जातो. चित्र बदलत नाही. ते बदलणारही नाही, कारण यंत्र त्याला दिलेली नोंद निमूटपणे वाचते आहे. चूक नोंदीत आहे, आणि ती ओळखण्याचे शिक्षण त्या बिचाऱ्या कारागिराला कोणी दिलेले नाही. ते आम्हाला दिलेले आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे, की मोठ्या ध्वनिसंग्रहाची दुरुस्ती ही मूलतः पाठचिकित्सा आहे. कर्ता कोण, पाठ कोणता, तो केव्हाचा, आणि एकाच पाठाच्या दोन प्रती ओळखायच्या कशा, या प्रश्नांसाठी ज्ञानेश्वरीच्या आणि गाथेच्या पोथ्यांपुढे आपल्या पूर्वसूरींनी वर्षानुवर्षे बैठक मारली. तेच प्रश्न आज घराघरांतल्या यंत्रांपुढे उभे आहेत, आणि त्यांची उत्तरे आपण यंत्र बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडून दिली आहेत. या आळसाची किंमत मुख्यतः कवी मोजतो आहे. गायकाचे नाव कसेबसे तगते, संगीतकाराचे अधूनमधून दिसते, गीतकाराचे बहुधा नाहीसे होते. मराठी कविता शिकवून पोट भरणाऱ्यांनी याकडे काणाडोळा करावा, ही गोष्ट आम्हाला निषेधार्ह वाटते.

वादक-यंत्र गाणे ऐकून त्याचे नाव ओळखत नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. ध्वनीच्या फायलीला चिकटवलेली एक चिठ्ठी असते. यंत्र ती वाचते आणि तिच्या आधारे आपली सूची रचते. एमपी-थ्री फायलींसाठी १९९६ साली 'आयडी-थ्री' नावाची जी पहिली चिठ्ठी रूढ झाली ती फायलीच्या शेपटाला जोडलेली अवघी १२८ बाइटांची होती. शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकारासाठी एक बाइट. त्या एका बाइटात बसवण्यासाठी ८० संगीतप्रकारांची यादी ठरवलेली होती. तीत 'ब्लूज' पहिला आहे, 'पोल्का' आहे, 'हार्ड रॉक' आहे. हिंदुस्थानी संगीत नाही, आणि लोकसंगीतसुद्धा नाही. 'फोक' ही नोंद 'विनॅम्प' या वादक-प्रणालीने नंतर वाढवलेल्या यादीतली. मूळ यादीत आपल्यासारख्यांना जागा होती ती 'एथनिक' या एका खोलीत. जगातल्या साऱ्या इतरांना तिथेच कोंबलेले होते.

यात कुणाचा कट नव्हता. ज्या समाजात एक गायक किंवा एक चमू स्वतःच्या गाण्यांचा एक अल्बम काढतो, त्या समाजाला 'कलाकार – अल्बम – गाणे' ही उतरंड स्वाभाविक वाटली आणि त्याने ती चिठ्ठीत उतरवली. दोष आहे तो ही उतरंड सार्वत्रिक मानून तिच्यात आपले संगीत दाबून बसवणाऱ्यांचा. 'संगीत मानापमान'मधल्या एखाद्या पदाचा 'कलाकार' कोण? १९११ साली नाटक लिहिणारे खाडिलकर, चाली देणारे गोविंदराव टेंबे, भामिनी उभी करणारे बालगंधर्व, की धैर्यधराची पदे पुढे आपल्या ढंगाने गाणारे दीनानाथ मंगेशकर? त्या पदाचा 'अल्बम' कोणता? नाटक, तबकडी, की पुढे कधीतरी निघालेल्या संकलनाची सीडी? २०२५ साली याच नावाचा चित्रपट आला, त्यामुळे यंत्रात 'मानापमान' शोधणाऱ्यापुढे शंभरहून अधिक वर्षांचे अंतर एका ढिगात येऊन पडते. 'कट्यार काळजात घुसली'चेही तेच. १९६७ चे दारव्हेकरांचे नाटक व जितेंद्र अभिषेकींचे संगीत एकीकडे आणि २०१५ चा चित्रपट दुसरीकडे. यंत्राला मात्र दोन्ही एकच.

यावर 'सोयच नाही, आम्ही काय करणार?' असे उत्तर मिळते. ते खरे नाही. १९९८ पासून आलेल्या आयडी-थ्रीच्या दुसऱ्या पिढीत गीतकारासाठी वेगळा खण आहे, संगीतकारासाठी वेगळा आहे, आणि मूळ प्रकाशनाचे वर्ष नोंदवण्याचीही सोय आहे. 'फ्लॅक' या मुक्त ध्वनिप्रकारात तर खणांची नावे आपली आपण ठरवता येतात. 'राग', 'ताल', 'नाटक', 'घराणे' असे हवे ते खण घालायला कोणी हरकत घेत नाही. काही वादक-प्रणाली हे जादा खण दाखवत नाहीत हे खरे. परंतु एकदा नोंद असली म्हणजे ती दाखवणारी प्रणाली निवडता येते. नसलेली नोंद कोणतेच यंत्र दाखवू शकत नाही. खण रिकामे आहेत याचे कारण ते भरणारा कोणी नाही, एवढेच.

ते रिकामे राहिल्याने काय होते याचा एक नमुना घेऊ. 'इंद्रायणी काठी' हे पद भीमसेन जोशींच्या आवाजात महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेले आहे. ते १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटातले, गीत ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचे. गीतकाराचा खण रिकामा आणि प्रकाराच्या खणात 'भक्तिगीत' अशी नोंद झाली, की हे पद संतवाणीच्या रांगेत जाऊन बसते. ऐकणारा ते तुकोबांचे समजतो, निदान 'पारंपरिक' समजतो. विसाव्या शतकातल्या एका कवीने संतकवितेची भाषा किती मुरवून घेतली होती, हा खरे म्हणजे वर्गात तासभर चर्चेचा विषय. पण कवीचे नावच उरले नाही तर चर्चा कशाची करायची? जो विद्यार्थी परीक्षेत 'माडगूळकरांची गीतरचना' यावर पंधरा गुणांचे उत्तर लिहितो, त्याच्याच घरच्या यंत्रात माडगूळकर नावाचा मनुष्य अस्तित्वात नसतो.

'गीतरामायणा'ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९५५-५६ या वर्षात पुणे आकाशवाणीवरून ५६ गीते आठवड्यागणिक प्रसारित झाली. त्या वेळी ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली होती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे ही त्यांपैकी काही नावे. पुढे तीच गीते एकट्या सुधीर फडके यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली आणि बहुतेकांच्या कानांत तीच बसली. म्हणजे इथे एकाच संहितेचे दोन पाठ आहेत: पहिला अनेक पात्रांचा, नाट्याच्या जवळ जाणारा, दुसरा एका कथेकऱ्याचा. साहित्याच्या अभ्यासकाला हा भेद मोलाचा वाटायला हवा. यंत्रात मात्र दोन्हींचे शीर्षक एक, अल्बमचे नाव एक, आणि वर्षाच्या खणात बहुधा सीडी निघाल्याचे साल. मग हुशार समजली जाणारी एखादी प्रणाली 'दुबार प्रती आढळल्या' असे सांगते आणि त्या पुसून टाकायची परवानगी मागते. आणि अनेकजण जागा वाचते म्हणून ती देतात. मुद्रितात असे कोणी केले असते तर आपण केवढा गहजब केला असता!

नावांचा प्रश्न तर निव्वळ आपल्याच अखत्यारीतला आहे. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतले तेच नाव, हे यंत्राच्या लेखी चार गायक. अकारविल्हे सूची लावली की निम्मे शास्त्रीय गायक 'प'खाली पंडित म्हणून आणि उरलेले 'उ'खाली उस्ताद म्हणून गोळा होतात. म्हणजे सूचीचा उपयोग संपला. काही सर्व्हर-प्रणालींत वर्णक्रम लावताना आरंभीची इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश उपपदे वगळण्याची सोय असते. त्याच यादीत 'पंडित', 'उस्ताद', 'विदुषी' हे शब्द आपण घालू शकतो. पण त्यासाठी हे शब्द नावाचा भाग नव्हेत, असे कोणीतरी ठरवायला हवे. युगुलगीतांत दोन नावे एका ओळीत 'व' घालून लिहिली की यंत्र त्या जोडीला तिसराच गायक मानते. आणि टोपणनावे? 'आनंदघन' या संगीतकाराच्या नावाने 'साधी माणसं' आणि 'मराठा तितुका मेळवावा' या चित्रपटांना संगीत देणारी व्यक्ती म्हणजे लता मंगेशकर, हे यंत्राला कोण सांगणार? आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, या जोड्या आपल्याकडे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला पाठ करून घेतात. ग्रंथालयशास्त्रात एका व्यक्तीची सगळी नावे एका प्रमाण नावाशी बांधणारी सूची असते. मराठी गीतकारांसाठी अशी सूची एका विभागाला एका उन्हाळ्यात करता येईल. ती करण्याऐवजी आपण टोपणनावांची जोड्या लावण्याची प्रश्नपत्रिका काढतो.

अक्षरांबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण देवनागरीत नोंद करणाऱ्याचा उत्साह इथेच मावळतो. युनिकोडच्या सर्वाधिक प्रचलित संकेतात, यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'ग. दि. माडगूळकर' हे नाव त्या हिशेबाने ३७ बाइटांचे होते. पहिल्या पिढीच्या ३० बाइटांच्या खणात ते कोंबले तर 'ग. दि. माडगू'पाशी तुटते आणि पुढे एक मोडके चिन्ह लोंबत राहते. जुनी प्रणाली ही अक्षरे युरोपीय संकेताने वाचू लागली, की एका अक्षराच्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. ते पाहून लोक 'यंत्राला मराठी येत नाही' असा निष्कर्ष काढतात आणि पुन्हा रोमनकडे वळतात. वस्तुतः चिठ्ठी दुसऱ्या पिढीच्या रूपात, युनिकोडमध्ये पुन्हा लिहिली की हा घोळ संपतो. याहून चिवट घोळ खास मराठीचा आहे. 'वाऱ्यावर' या शब्दातला 'ऱ्' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. 'ॲ' हे अक्षर २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्रपणे आले. त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र काढून भागवत, आणि अजूनही कित्येक कळफलक तसेच करतात. त्यामुळे गाणे संग्रहात असूनही शोधात सापडत नाही. शुद्धलेखनाच्या नियमांवर हिरीरीने भांडणाऱ्या आपल्या समाजात या अदृश्य लेखनभेदाविषयी मात्र चकार शब्द निघत नाही.

क्रम आणि शांतता यांचीही हेळसांड होते. ख्यालाच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत यांचे दोन तुकडे करतात. एमपी-थ्री बनवताना प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना किंचित मौन चिकटते, आणि चालू तानपुरा मध्येच उचकी दिल्यासारखा तुटतो. हे मौन किती ते फायलीत नोंदवलेले असेल आणि वादकाला ते वाचता येत असेल तर सांधा दिसत नाही; फ्लॅकमध्ये हा त्रास मुळातच नाही. आवाजाची पातळी प्रत्येक तुकड्यागणिक सारखी करण्याची सोय चालू असेल तर आलाप द्रुताइतकाच मोठा ऐकू येतो, आणि गायकाने अर्धा तास खपून उभारलेली चढण सपाट होते. ती पातळी संपूर्ण अल्बमला मिळून लावायची असते. सरमिसळ क्रमाने वाजवण्याची कळ दाबली की द्रुत आधी आणि विलंबित मग. कादंबरीची प्रकरणे पिसून वाचण्यासारखाच हा प्रकार.

यावरचा पहिला आक्षेप असा, की आता मासिक वर्गणी भरली की सगळे संगीत मिळते. संग्रह ठेवण्याची गरजच काय? या मंडळींना आमचा प्रश्न आहे, की 'सगळे' म्हणजे कोणी ठरवलेले सगळे? आकाशवाणीवरून घरी टेपवर उतरवलेली मैफल, गावच्या नाट्यमंडळाने केलेला प्रयोग, आजीच्या ओव्या यांचे हक्क विकत घेणारे कोणी नसते. ते घरच्याच संग्रहात राहणार. शिवाय यंत्रे आणि कंपन्या येतात-जातात. 'स्क्वीझबॉक्स' हा एके काळी नावाजलेला घरगुती वादक. तो बनवणारी कंपनी २००६ साली लॉजिटेकने घेतली आणि २०१२ साली त्या वादकांचे उत्पादन थांबवले. त्याची सर्व्हर-प्रणाली मुक्त असल्याने वापरकर्त्यांनी ती जगवली, आणि २०२४ पासून ती 'लिरियन' या नावाने चालू आहे. ज्यांनी नोंदी फायलींतच नीट केल्या होत्या त्यांचे काही बिघडले नाही. ज्यांनी त्या एखाद्या प्रणालीच्या पोटात ठेवल्या त्यांना प्रत्येक स्थलांतरात पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरा आक्षेप, की नावे आपोआप भरणाऱ्या सेवा आहेत, मग हाताने कशाला? सीडीवर सहसा नावे नसतातच. 'सीडीडीबी'सारख्या जुन्या सेवा तुकड्यांच्या लांबीवरून सीडी ओळखत आणि जगात कोणीतरी आधी टंकलेली माहिती आणून चिकटवत. त्या अनामिकाला कवी महत्त्वाचा वाटला नसेल, तर त्याचे अज्ञान हजारो घरांत जसेच्या तसे उतरले. लेखनिकाचा एक प्रमाद पुढच्या साऱ्या प्रतींत कसा उतरतो हे पोथ्यांच्या बाबतीत आम्ही रसभरीतपणे शिकवतो. हा त्याचाच आधुनिक अवतार आहे, इतकेच.

तिसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा असतो, आणि तो तेवढा स्पष्टपणे बोलला जात नाही: हे कारकुनी काम आहे. याला उत्तर म्हणून १९०२ साली कलकत्त्यात झालेल्या ध्वनिमुद्रणांची आठवण पुरेशी आहे. गौहरजान गाणे संपताच आपले नाव स्वतः उच्चारीत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला घडत आणि तिथल्या कारागिरांना गायिकेची ओळख पटावी हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. स्वतःच्या कलेवर आपल्या नावाची नोंद असावी, हे तिला कारकुनी वाटले नाही. आणि आपल्याकडेच, 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर गीत, संगीत, स्वर, नाटक वा चित्रपट, राग अशा नोंदी गाण्यागणिक दिलेल्या आहेत. हौसेतून उभ्या राहिलेल्या त्या कामाचा आपण वर्गात रोज उपयोग करतो. त्यात भर घालावी असे मात्र फारच थोड्यांना वाटते.

आमची मागणी अवाजवी नाही. ज्याच्याकडे संग्रह आहे त्याने आधी त्याची एक प्रत बाजूला ठेवावी आणि मगच हात घालावा. दुरुस्ती प्लेअरमध्ये न करता फायलीतल्या चिठ्ठीत करावी. संकलनांना 'अल्बम-कलाकार' या खणात 'विविध कलाकार' लिहावे, म्हणजे ती सहा तुकड्यांत फुटणार नाहीत. गायकांच्या नावातून उपाधी काढाव्यात, प्रत्येक नावाचे एकच लेखन ठरवावे, वर्षाच्या खणात मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष घालावे आणि ते माहीत नसेल तर सीडीचे साल घालण्यापेक्षा खण कोरा ठेवावा. दोन मुद्रणे एकाच गीताची असली तरी पाठ वेगळा असेल तर शीर्षकातच तसे लिहावे. आणि काही झाले तरी गीतकाराचा खण भरल्याशिवाय फाइल बंद करू नये. सगळा संग्रह एका सुट्टीत होणार नाही. रोज एक अल्बम केला तरी वर्षाला तीनशे पासष्ट होतात.

मराठी विभागांकडे आमचे मागणे याहून नेमके आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात पाठचिकित्सेची पत्रिका जिथे आहे तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला एका कवीची ध्वनिमुद्रित गीते द्यावीत: प्रत्येकाचा कर्ता, चाल, गायक, प्रथम मुद्रण आणि पाठभेद पुराव्यानिशी नोंदवून आणायला सांगावे, आणि त्या नोंदी सर्वांना खुल्या कराव्यात. दहा वर्षांत दहा विभागांनी हे केले तर मराठी गीताचा एक विश्वसनीय कोश उभा राहील. यंत्रे तो वापरतील, कारण नीट लिहिलेले वाचणे तेवढे त्यांना उत्तम जमते. तोवर 'अज्ञात कलाकार' या खणात पडलेल्या प्रत्येक ज्ञात कवीचा जाब यंत्राला न विचारता मराठीच्या अध्यापकांना विचारला पाहिजे.